क्लॅटचे पाच विभाग: या चुका टाळा

क्लॅट म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. तिच्या पदवी अभ्यासक्रमासाठीच्या पेपरात विभाग पाच असले तरी घड्याळ एकच: १२० मिनिटांत १२० प्रश्न. कोणत्याही विभागाला वेगळी वेळ नाही आणि क्रमाचं बंधनही नाही. तरी मुलं पहिल्या पानापासून ओळीने सोडवत जातात. इंग्रजीत अडकतात आणि शेवटच्या गणिताला पाच मिनिटंही उरत नाहीत. गणिताचे प्रश्न १० ते १४ च, म्हणून ते सोडून देणारेही आहेत. पातळी दहावीची असते हो!

‘एका प्रश्नाला एक मिनिट’ हा हिशोबही फसवा आहे. साडेचारशे शब्दांपर्यंतचा उतारा वाचायला लागणारा वेळ त्यातूनच जातो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सगळे उतारे एकाच पद्धतीने वाचणं. चालू घडामोडींत उतारा बरेचदा निमित्तमात्र असतो, अनेक उत्तरं त्यात सापडतच नाहीत. तिथे आधी प्रश्न बघा. माहीत असेल तर खूण करा, नसेल तर पुढे चला. इथे वाचवलेली मिनिटं कायद्याच्या विभागाला द्या, कारण तिथे उलटा कारभार आहे. उताऱ्यात दिलेला नियमच प्रमाण. समजा, ‘वस्तू घराबाहेर नेल्याशिवाय चोरी होत नाही’ असं उताऱ्यात म्हटलंय. मग घड्याळ खिशात घालून दारापाशी पकडलेला माणूस तुमच्या उत्तरात चोर ठरत नाही. खऱ्या कायद्यात अप्रामाणिक हेतूने वस्तू जागची हलवली तरी चोरी होते, पण ते ज्ञान इथे वापरलं की गुण गेला. कलमं पाठ असलेली मुलं इथेच घसरतात.

जुन्या पेपरांवर वेळेचा सराव करताना वर्ष बघा. २०१९ पर्यंत २०० प्रश्न होते, २०२० पासून उताऱ्यांवर आधारित १५०, आणि २०२४ च्या परीक्षेपासून १२०.

राज्याची लॉ सीईटीही देणार असाल तर एक सवय बदला. तिथे चुकीला वजा गुण नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. क्लॅटमध्ये प्रत्येक चुकीला पाव गुण कापतात. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले तरच अंदाज लावा.

आणि ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोळे शेवटी एकदम भरायला ठेवू नका, त्याला जादा वेळ मिळत नाही. प्रत्येक उतारा संपला की भरून टाका.