घोटा म्हणजे गुडघा नव्हे

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मी एकोणतीस वर्षं खानावळ चालवली. पहाटे पाचपासून फरशीवर उभी. 2003 साली पंचगंगेच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवरून घसरले, उजवा घोटा मोडला, धातूची पट्टी आणि स्क्रू बसले आणि तीन महिन्यांत मी परत रश्श्याच्या पातेल्यापाशी. हाड जुळलं, पण हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, ज्याला कूर्चा म्हणतात, ते त्या दिवशी दुखावलं होतं. ते पुढं वर्षानुवर्षं झिजत गेलं. गुडघा बहुतेकांचा वयानं झिजतो, घोटा मात्र बहुतेकांचा जुन्या मोडण्यानं किंवा पुन्हा पुन्हा मुरगळण्यानं. आपल्याकडं पेठापेठांत फुटबॉल खेळून पाय मुरगळून घेतलेली किती माणसं आहेत, त्यांनी हे वाचावं.

घोटा बदलायचा ठरल्यावर गल्लीतल्या, गुडघे बदललेल्या सगळ्यांनी मला धीर दिला. "वैनी, दुसऱ्या दिवशी चालवत्यात, भ्यायचं न्हाई." त्यांच्या गुडघ्यांचं ते खरंच होतं. घोट्याला ते लागू नाही, आणि तेच सांगायला मी बसले आहे.

आधी ऑपरेशनशिवाय जे होतं ते मनापासून करा. वजन उतरवा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. मी वर्षभर ती चुकीच्या हातात धरत होते. कोल्हापुरी चप्पल मला जीव की प्राण, पण तिचा सपाट, कडक तळ अशा घोट्याला सोसत नाही. पुढच्या बाजूला नावेसारखा वर वळलेल्या तळाचा बूट घ्या, त्यात पाऊल पुढं लोटलं जातं आणि घोट्याला कमी वाकावं लागतं. सांध्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन काही काळ आराम देतं. मात्र शेवटचं कधी घेतलं ते सर्जनना सांगा, कारण त्यानंतर लगेच ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

एका दवाखान्यात मला टेबलावर झोपवून एक्स-रे काढला आणि "फार काही नाही" म्हणून घरी पाठवलं. घोट्याचा एक्स-रे पायावर भार देऊन, उभ्यानंच काढायचा असतो. तेव्हाच हाडांमधली उरलेली जागा आणि पायाचा तिरपेपणा कळतो. हे तुम्ही स्वतः मागा.

गुडघे बदलणारे सर्जन कोल्हापुरात चिक्कार आहेत, घोटे बदलणारे कुठंही थोडेच. म्हणून पाऊल-घोट्याचंच काम करणारा सर्जन शोधा, पुण्याला जावं लागलं तरी जा, मी गेले. त्यांना विचारा: असे किती केलेत, आणि माझ्यासाठी सांधा बदलणं बरं की जखडणं? जखडणं म्हणजे नडगीचं हाड आणि त्याखालचं टेलस नावाचं हाड स्क्रूनं एकजीव करणं. दुखणं जातं, पाय मजबूत होतो, पण घोटा वर-खाली हलत नाही आणि तो भार शेजारच्या सांध्यांवर जाऊन वर्षांनी तेही झिजू शकतात. बदलताना दोन्ही हाडांवर धातूचे भाग बसतात, मध्ये टणक प्लास्टिक. हालचाल टिकते, पण तो सांधा पुढं सैल होऊ शकतो, प्लास्टिक झिजू शकतं. तरुण, ओझी वाहणाऱ्या माणसाला बहुधा जखडायलाच सांगतात. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, मधुमेहानं तळव्याची जाणीव गेली असेल, जुना जंतुसंसर्ग असेल, तर बदलण्याचा आग्रह धरू नका. तंबाखू, मिश्री सगळं आधी सुटलं पाहिजे, साखर ताब्यात पाहिजे. काप घोट्याच्या पुढून घेतात, तिथली कातडी पातळ असते आणि जखम चिघळायची भीती तिथंच.

आता घर. हे ऑपरेशनच्या आधी करा, नंतर करणारं कोणी नसतं. भारतीय संडासावर बसता येणार नाही, कमोडची खुर्ची आणा. न्हाणीत स्टूल आणि धरायला दांडी. झोपायचं खाली, माडीवर नाही. वॉकर आधीच आणून एका पायावर चालायची सवय करा. मी आठवडाभर माजघरात ती केली, म्हणून नंतर पडले नाही. भांडी, डबे कंबरेच्या उंचीला घ्या.

ऑपरेशन दोनेक तासांचं. खरी परीक्षा नंतर. मला सहा आठवडे पाय अजिबात टेकवू दिला नाही. काही सर्जन दोन-तीन आठवड्यांनी खास बुटात टेकवू देतात. तुमच्या सर्जनचं ऐका, गल्लीचं नाही. पहिले दोन आठवडे पाय छातीच्या वर, खाली तीन उशा. खुर्चीत बसून स्टुलावर पाय ठेवणं पुरत नाही, सूज उतरत नाही आणि जखम भरत नाही. मला भेटायला आलेल्यांसाठी उठून चहा टाकावासा वाटायचा, सुनेनं एकदाही उठू दिलं नाही. तिचे उपकार आहेत. बोटं हलवत राहा, रक्त पातळ करणारं औषध चुकवू नका. पोटरी दुखून सुजली, धाप लागली, जखमेतून पू आला किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका.

मग बूट, मग फिजिओथेरपी. पाय वर-खाली करण्याचा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण सोडू नका. नवा सांधा म्हणजे नवा पाय नव्हे. आधी जेवढा वाकत होता त्याच्या आसपासच वाकतो, मात्र दुखत नाही. सूज संध्याकाळी येत राहते, माझी दहाव्या महिन्यात गेली. सहाव्या महिन्यात मी रंकाळ्यावर थांबत थांबत चालले. चालणं, पोहणं, सायकल चालतं. पळणं, उड्या मारणं कायमचं बंद. देवळात मांडी घालून बसत नाही, खुर्ची मागते.

बसवलेल्या सांध्याचे स्टिकर फाईलवर लावून घ्या आणि त्यांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढं कधी दुरुस्ती लागली तर कोणता सांधा, कोणत्या मापाचा, हे त्यावरूनच कळतं. आणि दुखत नसलं तरी सर्जन सांगतील तेव्हा उभ्यानं एक्स-रे काढा. सांधा सैल होऊ लागला तर तो पुष्कळदा दुखण्याच्या आधी फोटोत दिसतो.