सेकंडहँड कंडेन्सर माइक घेताना

घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्यांना मी एकच आग्रहाने सांगतो: पैसे मोजकेच असतील तर अगदी स्वस्तातला नवा माइक घेण्यापेक्षा एक पायरी वरचा वापरलेला माइक बघा. नीट जपलेला कंडेन्सर माइक, म्हणजे बारीकसारीक आवाजही टिपणारा आणि चालायला वीज लागणारा माइक, दशकानुदशकं चालतो. १९६७ साली आलेल्या नॉयमन कंपनीच्या यू८७ माइकच्या जुन्या प्रती आजही स्टुडिओंत वापरात आहेत.

मात्र 'नीट जपलेला' हीच खरी अट. कंडेन्सरचा जीव त्याच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे आवाज टिपणाऱ्या भागात असतो. त्यातला डायफ्रॅम म्हणजे जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा, बहुधा सोन्याचा मुलामा दिलेला प्लास्टिकचा पडदा. पॉप फिल्टर (तोंडातली हवा अडवणारी जाळी) न लावता कुणी वर्षानुवर्षं तोंड जवळ नेऊन गायलं असेल, खोलीत सिगारेटचा धूर असेल, तर त्या पडद्यावर थर बसतो. मग दमट हवेत माइक तडतडायला लागतो. कॅप्सूल बदलता येते, पण स्वस्त माइकच्या बाबतीत तो खर्च परवडत नाही. बाहेरचे ओरखडे मी मनावर घेत नाही. जाळीला पोचा दिसला तर मात्र माइक पडला होता का, हे विचारतोच.

शक्य असेल तर स्वतःचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारं यंत्र), केबल आणि हेडफोन घेऊन जा. ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) सुरू करा आणि दहा-पंधरा मिनिटं माइक तसाच चालू राहू द्या, कारण काही दोष सुरुवातीला कळतच नाहीत. मग गेन (आवाज मोठा करणारं बटण) वाढवून शांतता रेकॉर्ड करा. एकसारखी बारीक सरसर चालेल. मधूनच फट्‌फट्‌ किंवा खरखर आली तर घेऊ नका, किंमत कितीही उतरवली तरी. केबलचं टोक हळूच हलवून बघा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा माइक असेल तर समोरून आणि मग मागून बोला, मागचा आवाज स्पष्टपणे कमी यायला हवा. पॅड (मोठा आवाज उतरवणारा) आणि लो-कट (खालचे जाड सूर कापणारा) हे स्विच असतील तर तेही चालवून बघा. विकणारा लांबचा असेल तर कसलीही प्रक्रिया न केलेली डब्ल्यूएव्ही फाइल मागा, त्यात थोडी शांतताही असू द्या.

आता सरसर किती चालेल? माइकच्या स्वतःच्या सरसरीला सेल्फ नॉइज म्हणतात. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० या माइकचा तो २० डेसिबल आहे, रोड एनटी१-ए चा ५. मोठ्याने गाणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. हळू आवाजात कथावाचन करणाऱ्याला मात्र तो प्रत्येक विरामात ऐकू येईल, म्हणून त्याने आकडा बघूनच निवड करावी.

फार नामांकित माइक फार स्वस्तात मिळत असेल तर सावध राहा. नॉयमनच्या नकली प्रती सर्रास फिरतात. सीरियल नंबर आणि मूळ बिल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. वापरलेला यूएसबी कंडेन्सर मी सुचवत नाही. त्याच्या इंटरफेसचं सर्किटही आतच असतं, पोर्ट ढिला झाला की सगळा माइकच अडतो.

आणि खोली घुमत असेल तर आधी जाड पडदे, गादी, पुस्तकांची कपाटं यांनी ती शांत करा. कंडेन्सर ते घुमणंही इमानेइतबारे टिपतो. ते जमणार नसेल तर डायनॅमिक माइक (लांबचे आवाज कमी टिपणारा, कमी संवेदनशील प्रकार) जवळून वापरणं जास्त बरं.

माइक घरी आल्यावर वापरून झाला की सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. जाळी उघडून कॅप्सूल कापडाने पुसायला मात्र कधीही जाऊ नका.