ओसूमध्ये सिंगलटॅप सोडून अल्टरनेट शिकताना

ओसू हा गाण्याच्या तालावर पडद्यावरची वर्तुळं कर्सरने गाठून टॅप करायचा कॉम्प्युटर गेम. टॅप करायला त्यात झेड आणि एक्स अशा दोन कळा असतात, पण नवीन पोरं एकाच बोटाला राबवतात. ठोका तर्जनीवर, आणि मधलं बोट फक्त जलद तुकड्यापुरतं. हा सिंगलटॅप. त्यात वाईट काही नाही, पण 180 बीपीएमच्या (मिनिटाला 180 ठोक्यांच्या) गाण्यात ठोक्याला दोन नोटा, म्हणजे टॅप करायची दोन वर्तुळं, धरल्या तरी एकट्या तर्जनीला सेकंदाला 6 वेळा दाबावं लागतं. थोड्या वेळात कोपरापर्यंत हात भरून येतो. अल्टरनेटमध्ये बोटं आळीपाळीने चालतात, म्हणजे प्रत्येकी 3.

मग सगळेच तसं का खेळत नाहीत? कारण वेग मिळतो आणि ठोक्याचा आधार जातो. मध्येच सलग जलद तीन नोटांचा ट्रिपल आला की एक नोट जास्तीची पडते आणि तिथून पुढे बोटांची अदलाबदल होते. जो ठोका मधल्या बोटावर यायचा तो आता तर्जनीवर येतो. खरी अडचण ही आहे, बोटांचा वेग नव्हे. म्हणून सरावाला स्ट्रीमने (जलद नोटांच्या लांब रांगांनी) भरलेले मॅप, म्हणजे गाण्यावर बसवलेल्या नोटांचे संच, घेऊ नका. साध्या नोटांत अधूनमधून ट्रिपल असलेले घ्या.

सुरुवातीला हाफ टाइम मॉड (खेळाची पद्धत बदलणारा पर्याय) लावा, गाणं पाऊणपट वेगाने चालतं. त्याहून उपयोगी ऑटोपायलट: कर्सर आपोआप फिरतो, तुम्ही फक्त टॅप करायचं. त्याचा स्कोअर रँकिंगला धरत नाहीत, म्हणून बरेच जण त्याकडे बघतही नाहीत. मला विचाराल तर शिकण्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. तबला शिकणारे बोल आधी तोंडाने म्हणतात, तसा अवघड तुकडा तोंडाने म्हणून मग कळांवर घ्या. घरचे हसतात, हसू द्या.

निकालात अचूकतेच्या टक्क्यांपेक्षा अनस्टेबल रेट बघा. तुमचे टॅप किती विखुरलेत ते त्यातून कळतं. आकडा जितका कमी तितकं चांगलं. ओडी (टॅप किती नेमका हवा ते ठरवणारा मॅपचा आकडा) 8 असलेल्या मॅपवर पूर्ण 300 गुणांसाठी ठोक्याच्या मागेपुढे जेमतेम 32 मिलिसेकंद मिळतात.

सोलापूरकरांसाठी थोडं वेगळं. पूर्व भागात राहत असाल तर शेजारचा यंत्रमाग आपल्याच लयीत खटखटत असतो आणि कच्चं बोट हमखास त्याच्या मागे जातं. कान नीट झाकणारा हेडफोन घ्या, पण वायरचाच. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो. एप्रिल-मेच्या दुपारी घामाने बोट कळेवरून घसरतं, तेव्हा सराव सकाळीच उरकलेला बरा.

मनगट दुखलं तर तिथेच थांबा. आणि जुनी सवय पूर्ण मोडायची गरज नाही: संथ गाण्यांना मी आजही सिंगलटॅपच वापरतो, तिथे तर्जनीचा ठोका जास्त नेमका बसतो. अल्टरनेट राखून ठेवतो ते लांब उड्यांच्या, म्हणजे नोटा एकमेकींपासून दूर असलेल्या, वेगवान मॅपसाठी.