एचडीएल कमी आलंय? रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

लिपिड प्रोफाइलचा कागद हातात पडला की कोकणात बहुतेक घरांत नजर आधी 'चांगल्या' कोलेस्टेरॉलवर, म्हणजे एचडीएलवर जाते. एचडीएल पुरुषांत ४० च्या किंवा बायकांत ५० च्या खाली असलं की घरगुती उपाय सुरू होतात: कोणी सकाळी चमचाभर खोबरेल घेतं, कोणी लसूण चावतं, एखादे काका माडीचे गुण सांगतात. तसं पाहिलं तर हा आकडा कमी येण्यात नवल काही नाही. महाराष्ट्रासह चार राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या पाहणीत, जी २०१४ साली प्रसिद्ध झाली, ७२ टक्के लोकांचं एचडीएल कमी निघालं होतं.

आकड्यालाच काम समजणं

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर या घटकेला किती गाड्या उभ्या आहेत हे मोजून दिवसभरात किती पलीकडे गेल्या ते कळत नाही. रिपोर्टातलं एचडीएल ही अशीच उभ्या मालाची मोजणी आहे. वाहतूक करतं ते अपोलायपोप्रोटीन ए-१, म्हणजेच अपो ए-१ हे प्रथिन. एचडीएलमधल्या प्रथिनांपैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या त्याचा.

हे प्रथिन यकृतात आणि आतड्यात तयार होतं. जवळजवळ रिकामंच फिरत ते पेशीवरच्या एबीसीए-१ या वाहकापाशी येतं, तिथून कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड उचलतं, आणि एक चपटा कण बनतो. मग अपो ए-१ च एलकॅट या एन्झाइमला कामाला लावतं. एलकॅट कोलेस्टेरॉलचं एस्टर, म्हणजे साठवणीचं रूप करतं, ते कणाच्या आत सरकतं आणि चपटा कण गोल होतो. पुढे यकृतावरचा एसआर-बी१ ग्राहक माल उतरवून घेतो. यातला एबीसीए-१ बिघडला तर काय होतं ते अमेरिकेतल्या टँजियर बेटावरच्या भावंडांत १९६१ साली दिसलं: एचडीएल जवळपास शून्य, आणि कोलेस्टेरॉल साठून टॉन्सिल नारिंगी झालेल्या.

उलट, इटलीतल्या लिमोने गावातल्या काही कुटुंबांत एचडीएल फारच कमी असूनही हृदयविकार मात्र वाढलेला नव्हता. त्यांच्या अपो ए-१ मध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं. १९८० साली नोंदवलेला हा प्रकार 'अपो ए-१ मिलानो' म्हणून ओळखला जातो.

आकडा वाढवायच्या मागे लागणं

टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढलं, पण ते घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्यात रक्तदाब वाढवण्याचा त्या औषधाचा स्वतःचाही दोष होता. पण एचडीएल वाढवणाऱ्या नायसिन या जीवनसत्त्वानेही निराशाच केली. एवढंच कशाला, अठरा हजारांहून अधिक हृदयरुग्णांत थेट शिरेतून अपो ए-१ देऊन पाहिलं, तरी २०२४ साली आलेल्या निकालात पहिल्या ९० दिवसांत ठरवलेला फायदा दिसला नाही. तेव्हा 'एचडीएल वाढवणारी गोळी' म्हणून कोणी काही विकत असेल तर पाकीट बंदच ठेवा.

खोबरेलाचंही तेच. त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याने एचडीएल थोडं वाढतं, पण त्याहून जास्त वाढतं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल. सोलकढी किंवा आमटीतलं वाटप सोडा असं कोणी म्हणत नाही. औषध म्हणून तेल पिऊ नका, इतकंच. माडी किंवा फेणीने अपो ए-१ जास्त बनतं हे खरं, पण दारूने ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि रक्तदाबही चढतात. त्या काकांना हा दुसरा अर्धा भाग सांगायला हरकत नाही.

ट्रायग्लिसराइडकडे दुर्लक्ष

माझ्या मते आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक हीच. समजा रिपोर्टात एकूण कोलेस्टेरॉल १९८, ट्रायग्लिसराइड २४०, एचडीएल ३४ आहे. ट्रायग्लिसराइड भरपूर असले की सीईटीपी हे प्रथिन एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल एस्टर काढून त्या जागी ट्रायग्लिसराइड भरतं. असा कण यकृतातलं लायपेज हे एन्झाइम कातरतं, अपो ए-१ सुटं होतं आणि मूत्रपिंडात गाळलं जातं. म्हणजे कारखाना बंद नाही, माल वाटेत गळतोय. त्यात इन्सुलिन नीट लागू पडत नसेल तर अपो सी-३ हे प्रथिन वाढतं आणि ट्रायग्लिसराइड फोडणाऱ्या एन्झाइमला ब्रेक लावतं.

म्हणून इथे औषध एचडीएलला नव्हे, ताटाला हवं. "भात नाय खाल्लो तर जेवल्यासारखा वाटणा नाय" हे मान्य, पण दुसऱ्या वाढणीचा भात कमी करता येतो. पोट कमी करणं, रोज चालणं, साखर तपासणं याने ट्रायग्लिसराइड उतरतात आणि बरेचदा एचडीएल आपसूक थोडं सावरतं. बांगडा, तारली खा. त्यातल्या ओमेगा-३ मुळे ट्रायग्लिसराइड उतरायला मदत होते, फक्त तळून नको. याच कागदावर १९८ वजा ३४ करा: १६४. हे नॉन-एचडीएल, म्हणजे अपो बी (एलडीएलसारख्या कणांवरचं प्रथिन) वाहणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल. डॉक्टरांशी बोलायचं ते याच्यावर.

तापातून उठल्याउठल्या तपासणी

भातलावणीच्या दिवसांत लेप्टो किंवा डेंग्यू होऊन गेला आणि लगेच 'फुल बॉडी'चं पॅकेज केलं, तर एचडीएल खोटं कमी दिसतं. जंतुसंसर्गात सीरम अमायलॉइड ए हे प्रथिन एचडीएलवर चढून अपो ए-१ ला बाजूला सारतं. दीड-दोन महिने थांबा, मग रक्त द्या.

अपो ए-१ आणि एलपी-लिटल-ए यांची गल्लत

काउंटरवर 'अपो ए' असं तोंडी सांगितलं की भलतीच तपासणी होऊ शकते. अपो ए-१ एचडीएलचं. त्याचा आकडा वाढला तर कोणी घाबरत नाही. एलपी-लिटल-ए हा अपो बीला चिकटलेल्या वेगळ्याच प्रथिनाचा कण. तो वाढलेला असणं धोक्याचं, आणि तो बहुतांशी आनुवंशिक. सहसा आयुष्यात एकदा मोजला तरी चालतो. घरात कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर हाच मोजा, आणि पर्चीवर पूर्ण नाव डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.