पंपाच्या शाफ्टवरील झिजलेली बेअरिंगची जागा: अखेर टिकलेला उपाय

बुटीबोरीतील आमच्या कारखान्यात पंपाच्या शाफ्टवर बेअरिंगची जागा ०.३ मिमी झिजून बेअरिंगची आतली कडी शाफ्टवरच फिरू लागली होती. वेल्डिंगच्या भरावाने दुसरा शाफ्ट वाकला होता, आणि शाफ्टवर पंचाचे ठोके मारून, पृष्ठभाग उचलून बसवलेले बेअरिंग पंधरवड्यात सैल झाले. ऐन मे महिन्यात पाणी बंद पडल्याने आम्ही हवालदिल झालो होतो.

अखेर आर्क स्प्रे (विजेच्या ठिणगीने धातूची तार वितळवून हवेच्या झोताने फवारणे) निवडला, कारण येथे घर्षण सोसण्यापेक्षा माप टिकणे महत्त्वाचे असते. टंगस्टन कार्बाइडचा अतिकठीण, महाग थर ग्लँड पॅकिंगखालील (शाफ्टलगतची गळती रोखणाऱ्या, शाफ्टवर घासणाऱ्या वेष्टनाखालील) भागासाठी राखावा. प्रथम शाफ्टला तडा नसल्याची डाय पेनेट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने) खात्री केली, कारण फवारलेला थर माप परत देतो, ताकद नव्हे. मग तेल काढून, लेथवर ती जागा त्रिज्येत ०.५ मिमी उतरवून कडा तिरप्या केल्या. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा झोत मारून पृष्ठभाग खरखरीत केल्यावर (ब्लास्टिंग), पृष्ठभागाला हात न लावता, लगेच निकेल-ॲल्युमिनियमचा बंध-थर (वरचा थर घट्ट धरणारा) आणि त्यावर १३ टक्के क्रोमियमच्या पोलादाचा थर फवारला. शाफ्ट फिरता ठेवून तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आत राखले. शेवटी थरातील बारीक छिद्रे बुजवणारा सीलर लावून, जादा थर ग्राइंडिंगने मूळ मापावर आणला आणि बेअरिंग न ठोकता ११० अंशांपर्यंत तापवून बसवले.