कॉलम आकसत नाही तेव्हा

वेबपानाची मांडणी करण्याच्या फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या पद्धतींची तोंडओळख झालेल्या, पण पहिले खरे पान बांधताना अडलेल्या नवोदितांसाठी हे लिहीत आहे. माझे चार दिवस ज्या एका गोष्टीने खाल्ले, तीच येथे सविस्तर सांगतो.

शेतमालाचे बाजारभाव दाखवणारे दोन कॉलमांचे पान मी तयार करत होतो. उजवा कॉलम ३०० पिक्सेलचा, न आकसणारा; डाव्याला ‘फ्लेक्स: १’, म्हणजे उरलेली सगळी जागा त्याची. नमुन्याचा मजकूर होता तोवर सारे सुरळीत चालले. मग नऊ रकान्यांचा खरा भावतक्ता आला आणि १०२४ पिक्सेलच्या पडद्यावर पान आडवे सरकू लागले, कारण ७२४ पिक्सेलमध्ये मावायला हवा तो डावा कॉलम ९०० पिक्सेल अडवून बसला होता.

फ्लेक्समधील घटकाची ‘मिन-विड्थ’ (किमान रुंदी) मुळात शून्य नसून ‘ऑटो’ असते. त्यामुळे आतला न मोडणारा मजकूर, मग तो रुंद तक्ता असो वा सलग लांबलचक वेबपत्ता, जेवढी जागा मागतो, तिच्याखाली तो घटक आकसतच नाही. साधा परिच्छेद शब्दाशब्दावर मोडतो, म्हणून नमुन्याच्या मजकुरात हे कधीच दिसत नाही. उपाय ‘मिन-विड्थ: ०’ हाच आहे, मात्र तो कॉलमला द्यायचा, तक्त्याला नव्हे. मी तक्त्याला देत राहिलो आणि त्यातच दोन दिवस गेले. शिवाय तक्त्याभोवती वेगळी चौकट करून तिला ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ द्यावे, म्हणजे तक्ता आपल्या जागीच सरकतो. फ्लेक्सच्या आत फ्लेक्स असेल, तर वाटेतल्या प्रत्येक पातळीवर हे करावे लागते. ग्रिडमध्येही ‘१एफआर’चा, म्हणजे उरलेल्या जागेच्या एका वाट्याचा, अर्थ ‘मिनमॅक्स(ऑटो, १एफआर)’ (किमान ‘ऑटो’, कमाल ‘१एफआर’) असाच होतो. तेथे ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहावे.

बाहेरच्या चौकटीला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (चौकटीबाहेर जाणारे सारे लपवा) देऊन मोकळे होण्याचा मार्ग कृपा करून धरू नका. मी तो धरला होता. आडवी पट्टी नाहीशी झाली खरी, पण तिच्याबरोबर उजव्या कॉलमातले आकडेही कापले गेले, आणि ते आकडे पाहण्यासाठीच लोक त्या पानावर येणार होते.

अखेर एका वरिष्ठांनी कीबोर्डला हात न लावता एवढेच विचारले, “सर्वांत रुंद चौकट कोणती आहे, ते पाहिलेस का?” प्रत्येक घटकाला लाल ‘आउटलाइन’ दिली (‘बॉर्डर’ जागा खाते, ‘आउटलाइन’ खात नाही) आणि दोषी चौकट लगेच सापडली. आपल्या हातातले काम काढून घेऊन दुरुस्त करून देणाऱ्यापेक्षा असा प्रश्न विचारणारा मार्गदर्शक शोधावा, असे माझे ठाम मत आहे.

यात तुमची बुद्धी कमी पडते असे मुळीच समजू नका. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत ग्रिड येण्यापूर्वी अनेकांनी ‘फ्लोट’ ही मांडणीची जुनी पद्धत वापरून याहून कितीतरी अवघड कसरती केल्या आहेत. नवे पान हाती घ्याल तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी त्यात सर्वांत रुंद तक्ता आणि सर्वांत लांब वेबपत्ता टाकून पाहा.