‘हुशार’ला इंग्रजीत नेमकं काय म्हणावं?

शब्दकोशात ‘हुशार’ पाहिलं की क्लेव्हर, श्रूड, कनिंग, कॅनी, अस्ट्यूट असे शब्द एका ओळीत उभे दिसतात. त्यातला कुठलाही उचलावा असं वाटतं, पण तसं करू नका. शिफारसपत्रात उमेदवाराला ‘कनिंग’ म्हटलंत, तर वाचणारा त्याला चार हात लांबच ठेवेल.

मी अनुवाद करते. असा शब्द निवडायचा झाला की आधी एकच प्रश्न विचारते: या माणसाची हुशारी दुसऱ्याला फसवायला लागते आहे, की परिस्थितीतून वाट काढायला? फसवणुकीकडे झुकत असेल तर कनिंग, क्राफ्टी, स्लाय. समोरच्याचा डाव ओळखून आपलं नुकसान टाळणारा, योग्य वेळी योग्य सौदा करणारा असेल तर श्रूड. आपला ‘चाणाक्ष’ याच्या सर्वांत जवळ जातो.

यातल्या दोन शब्दांचा प्रवास मला फार विलक्षण वाटतो. श्रूड मुळात ‘श्रू’पासून आला. श्रू म्हणजे चिचुंद्रीच्या कुळातला छोटा प्राणी, आणि दुष्ट माणसालाही तेच नाव होतं. मध्ययुगीन इंग्रजीत श्रूड म्हणजे सरळसरळ दुष्ट. सोळाव्या शतकापासून तो ‘तीक्ष्ण बुद्धीचा’ या अर्थाकडे सरकत गेला. कनिंगचं बरोबर उलटं झालं. जुन्या इंग्रजीतल्या ‘कुनन’ म्हणजे जाणणे या क्रियापदापासून तो आला; आपल्या ‘ज्ञान’मधला ‘ज्ञा’ त्याच आदिम धातूचा. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, 137 व्या स्तोत्रात, जेरुसलेमला विसरलो तर माझा उजवा हात आपलं ‘कनिंग’ विसरो असं म्हटलं आहे. तिथे अर्थ आहे हाताचं कसब. म्हणून जुना मजकूर वाचताना हा शब्द आला तर ‘धूर्तपणा’ लिहिण्याआधी थांबा.

कॅनी हा त्याच घराण्यातला, पण स्कॉटलंडच्या वाटेने आलेला. जपून पाऊल टाकणारा, पैसा विचार करून खर्चणारा, तो कॅनी. इंग्लंडच्या ईशान्य भागात मात्र कॅनी म्हणजे नुसतंच छान, भला. ‘अनकॅनी’ला याचा विरुद्धार्थी समजू नका, त्याचा आजचा अर्थ गूढ, अंगावर काटा आणणारं.

सॅव्ही स्पॅनिश-पोर्तुगीज ‘साबे’वरून, म्हणजे ‘जाणतो’ या शब्दावरून, मिश्र बोलीभाषांतून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘सापेरे’ आहे: चव घेणे, आणि त्यावरून शहाणं असणे. ‘होमो सेपियन्स’मधलं सेपियन्स तेच. हा शब्द अनौपचारिक आहे आणि त्याच्याआधी क्षेत्राचं नाव सहज जोडता येतं: टेक-सॅव्ही, मीडिया-सॅव्ही. गंभीर अहवालात मी त्याऐवजी अस्ट्यूट वापरते.

युक्ती, यंत्र किंवा तोडगा हुशारीचा असेल तर इन्जीनियस. लॅटिन ‘इन्गेनियम’ म्हणजे जन्मजात बुद्धी; इंजिन आणि इंजिनियर त्यातूनच निघाले. इथे स्पेलिंग दोनदा तपासा. एक स्वर बदलला की ‘इन्जेन्युअस’ होतो, म्हणजे भोळाभाबडा, आणि स्पेलचेकर तो चुकीचा दाखवत नाही. गंमत अशी की ‘इन्जेन्युइटी’ हे नाम मुळात या भोळ्या शब्दाचं होतं. आता ते कल्पकतेसाठीच वापरतात.

नाउस हा ग्रीक शब्द, मूळ अर्थ मन किंवा बुद्धी. ब्रिटिश बोलण्यात तो व्यवहारज्ञानासाठी येतो; उच्चार ‘हाउस’शी जुळणारा.

आणि गम्प्शन. हाही स्कॉटलंडचाच, अठराव्या शतकातला, आणि माझा सर्वांत आवडता. त्यात अक्कल आहेच, पण स्वतःहून पुढे होण्याची धमकही आहे. ऐन कार्यक्रमाच्या वेळी वीज गेली, आयोजक गोंधळले, आणि एका स्वयंसेवक मुलीने कुणी सांगण्याची वाट न पाहता बॅटऱ्या गोळा करून लोकांना जिन्यावरून नीट खाली उतरवलं. तिला क्लेव्हर म्हणणं अपुरं पडेल. तिच्याविषयी लिहा: शी हॅज गम्प्शन.